ग्रीस आणि ग्रीक: नाव एक, इतिहास दोन

ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगी ग्रीसमध्ये पडलीच नाही. मार्च १८२१ मध्ये अलेक्झांडर इप्सिलान्तिस हा रशियन सैन्यातला ग्रीक अधिकारी प्रुत नदी ओलांडून मोल्डाव्हियात शिरला आणि त्याने तुर्की सुलतानाविरुद्ध उठाव पुकारला. त्याच्या पाठीशी असलेली ‘फिलिकी एतेरिया’ ही गुप्त संघटना १८१४ मध्ये काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात स्थापन झाली होती. इप्सिलान्तिसचा उठाव काही महिन्यांत चिरडला गेला. त्याच सुमाराला दूर दक्षिणेत, पेलोपोनीझ द्वीपकल्पात पेटलेला उठाव मात्र टिकला, आणि पुढे ग्रीक राज्य उभं राहिलं ते तिथे.

म्हणजे सुरुवातीपासूनच दोन गोष्टी वेगळ्या होत्या: ग्रीस नावाचं राज्य आणि ग्रीक नावाचा समाज. आपल्याकडे ग्रीस म्हटलं की सॉक्रेटिस आणि अलेक्झांडर आठवतात, आणि तिथून उडी थेट २०१० नंतरच्या कर्जसंकटावर जाते. मधली दोनशे वर्षं वाचायला घेतली तरी बहुतेक ठिकाणी राज्याचा इतिहास हाच लोकांचा इतिहास म्हणून सांगितलेला असतो. माझं म्हणणं असं की हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय १९२२ चा पराभव कळत नाही, आणि सायप्रसचा प्रश्नही कळत नाही.

आधी राज्य पाहू. ऑक्टोबर १८२७ मध्ये नावारिनोच्या खाडीत ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या आरमारांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं, आणि फेब्रुवारी १८३० मध्ये याच तीन सत्तांनी लंडनमध्ये ग्रीसचं स्वातंत्र्य मान्य केलं. पण कोणत्या ग्रीसचं? उत्तरेची सीमा दोन वर्षांनी आर्ता आणि व्होलोस यांना जोडणाऱ्या रेषेवर ठरली. त्या रेषेच्या दक्षिणेला आठ लाखांच्या आसपास माणसं होती. ग्रीक समाजाचा त्याहून कितीतरी मोठा भाग रेषेच्या बाहेर, मुख्यतः सुलतानाच्याच राज्यात राहिला. पहिला राष्ट्रप्रमुख योआनिस कापोदिस्त्रियास हा कॉर्फूचा, आणि कॉर्फू तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. त्याचा ऑक्टोबर १८३१ मध्ये नाफ्प्लियोत चर्चच्या दाराशी खून झाला. मग या तीन सत्तांनी बव्हेरियाचा राजपुत्र ओटो याला राजा म्हणून आणलं. १८३३ मध्ये तो उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता, पंथाने कॅथलिक होता, आणि कारभार त्याच्याबरोबर आलेले बव्हेरियन सरदार पाहत होते. १८३४ मध्ये राजधानी झालेलं अथेन्स हे तेव्हा भग्नावशेषांच्या पायथ्याशी वसलेलं लहानसं गाव होतं.

ग्रीक समाजाची मोठी शहरं वेगळीच होती: कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर, शिवाय काळ्या समुद्रावरचं त्राबझोन. तिथे ग्रीकांच्या शाळा, पेढ्या आणि चर्च होती. तुर्की राज्यात ओळख धर्मावरून ठरायची. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेचा प्रमुख म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क. एप्रिल १८२१ मध्ये सुलतानाने पेट्रिआर्क पाचवा ग्रेगरी याला त्याच्याच निवासाच्या दारात फासावर लटकवलं, आणि तेही त्याने उठावाचा धिक्कार केलेला असताना. नवं राज्य झाल्यावर त्याने काय केलं? १८३३ मध्ये ग्रीसचं चर्च पेट्रिआर्कपासून तोडून स्वतंत्र घोषित केलं. ग्रीक समाजाला शतकानुशतकं बांधून ठेवणाऱ्या संस्थेशी ग्रीक राज्याने ओटोच्या पहिल्याच वर्षात फारकत घेतली. पेट्रिआर्कने ती मान्य करायला १८५० साल उजाडलं.

राज्याबाहेरचा हा समाज किती दूरवर पोहोचला होता याची खूण आपल्या अंगणातही आहे. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘रॅलीज’ हे नाव शेतकरी आजही वाचतात. आज टाटा समूहात असलेल्या या कंपनीचं मूळ रॅली ब्रदर्स या पेढीत आहे. रॅली हे खिओस बेटावरचं ग्रीक व्यापारी घराणं. १८२२ मध्ये तुर्की फौजेने खिओसवर भयंकर कत्तल केली, हजारोंना गुलाम म्हणून विकलं, आणि त्या बेटाची व्यापारी घराणी जगभर विखुरली. रॅलींची पेढी लंडनमध्ये स्थिरावली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात आणि मग मुंबईत आली, आणि ताग, कापूस, तेलबिया यांच्या व्यापारात तिने जम बसवला. खिओस ग्रीसमध्ये सामील झालं ते १९१२ मध्ये. तोवर या घराण्याच्या कितीतरी पिढ्या ग्रीक म्हणून जगल्या, पण त्यांचं बेट ग्रीसमध्ये नव्हतं.

त्याहून आधीचे दिमित्रिओस गालानोस. मूळचे अथेन्सचे, १७८६ मध्ये कलकत्त्याच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला आले, मग काशीला जाऊन संस्कृत शिकले आणि भगवद्‌गीता ग्रीकमध्ये नेली. १८३३ मध्ये, म्हणजे ओटो ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरला त्याच वर्षी, ते काशीतच वारले. आपली हस्तलिखितं त्यांनी अथेन्सच्या नावे ठेवली.

राज्य आणि समाज यांच्यातला ताण उघडपणे बाहेर आला तो १८४४ च्या घटना समितीत. योआनिस कोलेत्तिस यांनी तिथे ठासून सांगितलं की राज्यात राहणारा तेवढाच ग्रीक नव्हे. यानिना, थेसालोनिकी, कॉन्स्टँटिनोपल, त्राबझोन, क्रीट इथे राहणाराही ग्रीकच. कोलेत्तिस स्वतः एपिरसचे, म्हणजे सीमेबाहेरचे. या भाषणातून ‘मेगाली इदेआ’ नावाचं स्वप्न निघालं: जिथे जिथे ग्रीक, तिथवर ग्रीसची सीमा. पण त्याच समितीत दुसरा वाद तितकाच पेटला होता. युद्धानंतर बाहेरून आलेल्या ग्रीकांनी सरकारी नोकऱ्या बळकावल्या अशी स्थानिकांची तक्रार होती, आणि समितीने अशा बाहेरच्यांना काही काळ सरकारी पदांपासून दूर ठेवणारा ठरावही केला. मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच सभेत राज्याने साऱ्या समाजावर हक्क सांगितला आणि त्याच समाजातल्या माणसांना दारही लावलं.

ओटोला १८६२ मध्ये पदच्युत केलं गेलं. पुढच्या वर्षी आलेल्या डॅनिश राजपुत्र जॉर्जची पदवी ‘ग्रीसचा राजा’ अशी न ठेवता ‘ग्रीकांचा राजा’ अशी ठेवली गेली.

मग सीमा सरकू लागली. १८६४ मध्ये ब्रिटनने आयोनियन बेटं दिली, १८८१ मध्ये थेसली आली. १८९७ मध्ये क्रीटच्या प्रश्नावरून तुर्कांशी युद्ध छेडलं आणि महिनाभरात सपाटून मार खाल्ला. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी मात्र देश जवळजवळ दुप्पट केला. थेसालोनिकी मिळालं, पण त्या शहरात सर्वांत मोठा समाज ज्यूंचा होता, ग्रीकांचा नव्हे. राज्य आता ग्रीक नसलेल्यांचंही झालं होतं, आणि लाखो ग्रीक अजून बाहेरच होते. या विस्ताराचा शिल्पकार एलेफ्थेरिओस व्हेनिझेलॉस क्रीटमधला, म्हणजे तोही जन्माने राज्याबाहेरचा.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलं आणि व्हेनिझेलॉसला वाटलं की आता स्वप्न पुरं होणार. १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौज स्मिर्नात उतरली. पुढच्या वर्षी सेव्हरच्या तहाने स्मिर्नाचा कारभार ग्रीसकडे दिला, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत थकलेल्या मतदारांनी व्हेनिझेलॉसला पाडलं. राजपक्षाच्या सरकारने युद्ध थांबवलं नाही. फौज आत आत घुसत साकार्या नदीपर्यंत गेली, तिथे अडली, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये तुर्की सेनानी मुस्तफा कमालच्या हल्ल्यापुढे कोसळली. सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्य स्मिर्नात शिरलं आणि काही दिवसांत शहराचे ग्रीक आणि आर्मेनियन भाग आगीत भस्मसात झाले. जीव वाचवायला धक्क्यावर जमलेल्या गर्दीसमोर परदेशी युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या. राज्य एक युद्ध हरलं. लोकांचं तीन हजार वर्षांचं बिऱ्हाड उठलं. दोन्ही घटना एकाच ओळीत लिहिल्या की त्यांतला फरक पुसला जातो.

३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने करार केला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधले मुस्लिम यांची सक्तीने अदलाबदल होईल, आणि त्या त्या सरकारच्या परवानगीवाचून त्यांना परत येऊन राहता येणार नाही. कसोटी फक्त धर्माची. मध्य तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियातले करामानली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि तुर्की भाषा ग्रीक लिपीत छापत. ते ‘ग्रीक’ ठरून ग्रीसला गेले, तिथली भाषा येत नसताना. उलट क्रीटमधले मुस्लिम ग्रीक बोलत; ते ‘तुर्क’ ठरले आणि आयवालिकसारख्या, ग्रीकांनी रिकाम्या केलेल्या गावांत नेऊन वसवले गेले. शंभर वर्षं सीमा लोकांपर्यंत नेण्याचा खटाटोप चालला होता. आता सीमा जागची हलणार नाही, लोकांनाच उचलून सीमेच्या आत आणायचं, असं ठरलं.

सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, आणि साडेतीन ते चार लाख मुस्लिम तिथून गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर लिहिताना लोकसंख्येच्या अदलाबदलीसाठी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचाच दाखला दिला होता. १९४७ ची फाळणी समजून घेणाऱ्या मराठी वाचकाला लोझान म्हणून परका वाटू नये.

१९२८ च्या शिरगणतीत ग्रीसची लोकसंख्या ६२ लाख होती आणि त्यातले १२ लाखांहून अधिक निर्वासित, म्हणजे दर पाचातला एक. राज्य आणि समाज अखेर एका जागी आले खरे, पण गळाभेट झाली नाही. स्थानिक लोक या आलेल्यांना ‘तुर्काचं बी’ म्हणून हिणवत. अथेन्सभोवती वसलेल्या वस्त्यांची नावं वाचा: नेआ स्मिर्नी, नेआ योनिया, नेआ फिलाडेल्फिया. हरवलेल्या गावांपुढे ‘नवं’ लावलेलं. फुटबॉल पाहणाऱ्यांना एईके आणि पाओक हे क्लब ठाऊक असतील. १९२४ मध्ये अथेन्सला आणि १९२६ मध्ये थेसालोनिकीला ते काढले कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी. दोन्ही नावांतला ‘क’ त्याच शहराचा, आणि चिन्ह बायझंटाईन दुतोंडी गरुडाचं.

या अदलाबदलीतून दोन समाज वगळले होते: इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्य टोकाच्या पश्चिम थ्रेसचे मुस्लिम. इस्तंबूलमध्ये लाखभर ग्रीक उरले होते. १९४२ चा जाचक संपत्ती कर, ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ ची दंगल, आणि १९६४ ची हकालपट्टी यांनी तो समाज संपवत आणला. आज तिथे काही हजारच आहेत. यातल्या शेवटच्या दोन घावांमागे सायप्रस ग्रीसला जोडण्याचा वाद होता.

सायप्रसमध्ये बहुसंख्य ग्रीकच, पण ते बेट कधीच ग्रीसचा भाग झालं नाही. १९६० मध्ये ते स्वतंत्र झालं. म्हणून ‘सायप्रस म्हणजे ग्रीसचं बेट’ असं म्हणणं चूक आहे. १५ जुलै १९७४ रोजी अथेन्समध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या लष्करी राजवटीने तिथल्या राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्या सरकारविरुद्ध बंड घडवून आणलं. पाच दिवसांत तुर्कस्तानची फौज उतरली. अथेन्सची राजवट आठवडाभरात कोसळली आणि ग्रीसमध्ये लोकशाही परतली. सायप्रसच्या उत्तरेतल्या दीड लाखांहून अधिक ग्रीकांची घरं मात्र कायमची गेली. राज्याच्या इतिहासात १९७४ हे सुटकेचं वर्ष आहे. सायप्रसच्या ग्रीकांसाठी ते उद्ध्वस्त होण्याचं.

‘ग्रीक कोण’ हा १८४४ चा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातूनही गेला नाही. १९४६ ते १९४९ च्या यादवी युद्धात हरलेले हजारो डावे ताश्कंदपासून पोलंडपर्यंत पांगले होते. १९८२ मध्ये सरकारने त्यांना परत येऊ दिलं, पण केवळ वंशाने ग्रीक असलेल्यांना. त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढलेले स्लाव्ह भाषक मॅसेडोनियन बाहेर राहिले. आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या १९ व्या कलमाने, वंशाने ग्रीक नसलेला नागरिक परतण्याच्या इराद्यावाचून देश सोडून गेला असं ठरवून त्याचं नागरिकत्व काढून घेता येत असे. सुमारे ६० हजार जणांचं ते गेलं, त्यात बहुतेक थ्रेसचे मुस्लिम. कलम १९९८ मध्ये रद्द झालं, पण आधी ज्यांचं नागरिकत्व गेलं होतं त्यांना ते आपोआप परत मिळालं नाही.