हेलियम गोठत का नाही?

अनिश्चिततेचं तत्त्व बहुतेकांना एका चित्रासकट माहीत असतं. इलेक्ट्रॉन कुठे आहे हे पाहायचं तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो. त्या धक्क्यानेच तो हलतो, म्हणून त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, नेमका कळत नाही. हे चित्र खुद्द हे तत्त्व मांडणाऱ्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांचं. १९२७ साली कोपनहेगनमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाची कल्पना करून ते मांडलं. पण त्यातून एक समज घट्ट बसला: इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग दोन्ही नेमके असतात, फक्त मोजताना आपला हात धसमुसळा पडतो. हा समज आधी सोडायला हवा.

त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ अर्ल केनार्ड यांनी जे सूत्र सिद्ध केलं, त्यात धक्क्याचा उल्लेखच नाही. समजा, अगदी एकसारख्या स्थितीतले हजारो इलेक्ट्रॉन तयार केले. निम्म्यांचं फक्त स्थान मोजलं, उरलेल्यांचा फक्त संवेग. एकाही इलेक्ट्रॉनला दोनदा हात लावला नाही. तरीही स्थानांच्या उत्तरांचा पसारा आणि संवेगांच्या उत्तरांचा पसारा यांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही. प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे अणूंच्या जगातल्या एका मूलभूत, ठरावीक आकड्याला, १२.५७ ने भागलं की साधारण ती मर्यादा मिळते.

हा आकडा अतिशय लहान आहे. १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूचं स्थान अणूच्या रुंदीइतकं नेमकं ठरवलं, तरी त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता विश्वाच्या आजवरच्या वयात चेंडूला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच सरकवेल. इलेक्ट्रॉनला तेवढ्याच जागेत कोंडलं, तर वेगातली अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर होते.

ही अनिश्चितता मोजण्याच्या धक्क्यातून येत नाही, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा हेलियमचा वाटतो. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली लायडनमध्ये हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला द्रवरूप केला. पुढे तापमान कितीही उतरवलं, तरी हवेच्या नेहमीच्या दाबाखाली तो गोठेना. आजही गोठत नाही. गोठायचं तर अणूने आपल्या जागी बसायला हवं. पण जागा आखडली की संवेगाचा पसारा वाढतो, अणूची चुळबूळ वाढते. हेलियमचा अणू हलका, म्हणून चुळबूळ जोरदार. आणि अणूंमधलं आकर्षण मात्र अगदी क्षीण. निऑनचा अणू पाचपट जड, आकर्षणही जास्त. तो उणे २४८ अंशांच्या आसपास निमूट गोठतो. हेलियम गोठवायला विलेम केसोम यांना १९२६ साली दाब द्यावा लागला. निरपेक्ष शून्याजवळही, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाजवळही, हवेच्या सुमारे २५ पट दाब लागतो. त्या भांड्यात कुणी अणूंची मोजमापं घेत नसतं. उष्णता काढून घेता येते, ही चुळबूळ काढता येत नाही.

मर्यादा मोडता येत नसली, तरी पसारा एकीकडून दुसरीकडे ढकलता येतो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म कंपनं, टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन्ही शोधक-यंत्रांमध्ये २०१९पासून असा 'पिळलेला' प्रकाश वापरतात. (त्यांचं भावंड आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभं राहणार आहे.) प्रकाशलहरीच्या कलेतली (लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, त्यातली) अनिश्चितता कमी केली, की तिच्या कंपविस्तारातली (लहरीच्या उंचीतली) वाढते. ती वाढ ४० किलोच्या आरशांना हलवते आणि कमी वारंवारतेच्या लहरी टिपणं अवघड करते. म्हणून २०२३पासून ३०० मीटर लांबीची, आरशांमध्ये प्रकाश मागेपुढे फिरवणारी एक जादा पोकळी वापरात आली: तिच्यामुळे जास्त वारंवारतेला कलेतली अनिश्चितता घटते आणि कमी वारंवारतेला कंपविस्तारातली.