जाहीर नोटीस, छोटी जाहिरात, खरेदी-विक्री: दुकानात यायच्या आधी एवढं वाचून या

नमस्कार मंडळी. आपल्या दुकानात झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन उतारे, पेपरच्या जाहिराती, जाहीर नोटिसा, फ्लेक्स अशी सगळी कामं होतात हे तुम्हाला माहीतच आहे. पण बाजाराच्या दिवशी एवढी गर्दी असते की कुणाला धड समजावून सांगता येत नाही, अन् मग माणूस अर्धवट कागद घेऊन दोन-दोन हेलपाटे घालतो, खेड्यावरून येणाऱ्याचा तर अख्खा दिवस जातो, रोज बुडतो. म्हणून हे सगळं एकदा निवांत लिहून काढलंय. छापील प्रत काउंटरवर ठेवली आहे, व्हॉट्सॲपवर पण टाकलं आहे, ज्याला गरज आहे त्याला पुढे पाठवा.

सगळ्यात आधी जमिनीच्या नोटिशीबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

तुम्ही जमीन किंवा प्लॉट घेताय, वकील म्हणतात पेपरला जाहीर नोटीस द्या. कशासाठी? तर या जमिनीवर आणखी कुणाचा हक्क, हिस्सा, बोजा, इसार, गहाण, वहिवाट काही असेल तर त्यानं ठरलेल्या दिवसांत कागदपत्रांसह पुढे यावं म्हणून. दिवस ७, १४ किंवा १५, वकील सांगतील तेवढे. उद्या वाद झालाच तर घेणाऱ्याला दाखवता येतं की मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, चारचौघांत विचारून घेतली. नोटिशीचा उपयोग एवढा आहे, अन् एवढाच आहे. नोटिशीत शेवटी छापतात ना, की मुदतीत हरकत न आल्यास कुणाचाही हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल, तर ते वाक्य छापलं म्हणून कुणाचा खरा हक्क जात नाही. बहिणीची सही राहिली असेल तर नोटीस देऊनही ती राहिलेलीच असते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीनं तो दिलाय आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क आहेच. आधीच रजिस्टर वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, तो कागद वकिलांना दाखवा. पण "बहिणी काय म्हणत नाहीत हो" एवढ्यावर लाखो रुपये देऊ नका. बहीण म्हणत नाही, पण पुढे भाचे म्हणतात.

आता एक मनातलं सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येतं आणि हळूच विचारतं, "आपल्या भागात येत नाही असा एखादा पेपर सांगा ना, नोटीस तर झाली पाहिजे पण भावाला कळाली नाही पाहिजे." हे काम आम्ही करत नाही. कितीही ओळखीचा माणूस असला, कितीही पैसे जास्त दिले तरी नाही. नोटीस द्यायचीच कळावं म्हणून, ती आपल्या तालुक्यात ज्या पेपरचे अंक हॉटेलात, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर दिसतात त्यातच द्यायची. अन् घेणाऱ्याचं पण नुकसानच आहे यात, कारण कोर्टात समोरचा वकील पहिलं हेच विचारणार की हा पेपर त्या गावात येतो का. छोट्या साप्ताहिकात द्यायची असेल तरी हरकत नाही, दर कमी पडतो, फक्त त्याचा नोंदणी क्रमांक अंकावर छापलेला आहे का आणि अंक खरंच दर आठवड्याला निघतो का एवढं आम्ही बघून घेतो.

मजकूर कसा असतो ते दाखवतो म्हणजे काय काय लागतं ते कळेल:

"तमाम लोकांना या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे ...., ता. ...., जि. .... येथील गट नं. ...., क्षेत्र ० हे. ४० आर, आकार रु. .... ही मिळकत, चतुःसीमा पूर्वेस ...., पश्चिमेस ...., दक्षिणेस ...., उत्तरेस .... अशी असून, तिचे मालक श्री. .... यांनी ती आमचे अशिलास कायम खरेदी देण्याचे ठरविले आहे ..."

यातली ठिपक्यांची जागा म्हणजेच नोटीस बघा, बाकी सगळं नेहमीचंच असतं. आणि चूक नेमकी ठिपक्यांच्या जागीच होते. मागे आमच्याकडूनच एका नोटिशीत ० हे. ४० आर च्या जागी ० हे. ४ आर गेलं. एक शून्य राहिलं. ४० आर म्हणजे जवळपास एक एकर आणि ४ आर म्हणजे जेमतेम चार गुंठे, म्हणजे एकरभर जमिनीची नोटीस चार गुंठ्याची होऊन बसली. ग्राहकानं प्रूफ (छापायच्या आधीचा नमुना) मोबाईलवर बघून अंगठा पाठवला होता, पण चूक आमच्या टायपिंगची होती, म्हणून दुरुस्तीची नोटीस आम्ही आमच्या खर्चानं दिली आणि वकिलांनी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली. त्यात त्या माणसाची खरेदी पंधरा दिवस लांबली, मुलाच्या ॲडमिशनसाठी पैसे पाहिजे होते त्याला. ते आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून पद्धत अशी आहे की प्रूफ मोठ्या अक्षरात कागदावर काढतो, तुम्ही सातबारा हातात धरून मोठ्यानं वाचायचं अन् आम्ही प्रूफवर बोट ठेवून जुळवायचं. गट नंबर दोनदा वाचायचा. नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसंच, गावात सगळे बापू म्हणत असले तरी बापू छापायचं नाही, टोपणनाव पाहिजेच असेल तर "उर्फ" लावून पुढे. याला दहा मिनिटं जातात. घाई करू नका.

सातबारा जुना आणू नका. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये सरकारी फीमध्ये निघतो, आमच्याकडे बसल्या बसल्या काढून देतो. त्यात लोक फक्त मालकाचं नाव बघतात अन् घडी घालून खिशात ठेवतात, तसं नका करू, "इतर हक्क" वाला रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, कोर्टाचा स्टे सगळं तिथं असतं. कर्ज फेडलंय म्हणतात पण बोजा तसाच लिहिलेला असतो, मग बँकेचा दाखला घेऊन तो आधी कमी करून घ्यायचा. "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल तर तिथंच थांबा, अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी बांधवाची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, तिथं इसार पण देऊ नका. शेतातून दोन-चार गुंठ्याचा तुकडा काढून घेणार असाल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे आणि त्याचे नियम अलीकडे बदललेत, तेव्हा पैसे द्यायच्या आधी दुय्यम निबंधक ऑफिसात विचारा, एजंट काय म्हणतो त्यावर जाऊ नका. मागचे व्यवहार बघायचे तर इंडेक्स २ (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा उतारा) काढायचा, वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात, म्हणजे तेवढ्या वर्षांचे व्यवहार तपासतात.

आणि स्टँपवर लिहून नोटरी केली म्हणजे खरेदी झाली, हा समज अजून जात नाही. होत नाही खरेदी. जमिनीचं, घराचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच व्हावं लागतं, सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत ते तिथं हजर करावं लागतं. असे नोटरीचे कागद घेऊन लोक आमच्याकडे लॅमिनेशनला येतात तेव्हा फार वाईट वाटतं, आयुष्याची कमाई घातलेली असते. इसाराचे पैसे पण चेकनं किंवा खात्यावर द्या, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, अन् खात्यावरची नोंद हाच तुमचा साक्षीदार.

अजून एक गल्लत. पेपरची नोटीस वेगळी अन् तलाठ्याची नोटीस वेगळी (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). खरेदीनंतर फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) धरला की संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लावतात, हरकतीला १५ दिवस असतात, हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाते, नाही आली तर सर्कल (मंडळ अधिकारी) नोंद मंजूर करतात. ही नोटीस घरी आली तर "पोस्टाचं काहीतरी आलंय" म्हणून देवळीत टाकून देऊ नका, त्याच दिवशी आणून दाखवा, आम्ही वाचून सांगू, वाचायचे पैसे घेत नाही.

आता छोट्या जाहिराती. म्हैस, ट्रॅक्टर, गाडी, गाळा भाड्यानं देणे, जे असेल ते. पेपरला शब्दावर दर असतो, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि दुकानाबाहेरच्या बोर्डवर फुकट लावतो, एक आठवडा. आमची एकच विनंती, किंमत लिहा. "किंमत समक्ष" लिहिलं की पन्नास फोन येतात अन् गिऱ्हाईक एक नसतं. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायची रीत आहे ती बाजारात ठीक आहे, तिथं हेडी (जनावरांचा दलाल) समोर उभा असतो, जनावर समोर असतं. जाहिरातीत समोर कुणीच नसतं, म्हणून सगळं लिहावं लागतं. म्हैस असेल तर कितवं वेत, सध्या दोन्ही वेळचं मिळून दूध किती, गाभण असेल तर कितवा महिना, मारकी आहे का, सड चारही चालू आहेत का. "जातिवंत, दुधाळ, पाहताच घ्याल" असं लिहिण्यापेक्षा "तिसरं वेत, व्यायला २० दिवस झाले, दोन्ही वेळचं ११ लिटर, दोन धारा समोर काढून घ्या" एवढं लिहिलेली म्हैस लवकर जाते, हा आमचा बोर्डवरचा अनुभव आहे. कानात १२ आकडी नंबरचा बिल्ला पाहिजेच, १ जून २०२४ पासून राज्यात टॅगिंगशिवाय जनावराची खरेदी-विक्री अन् वाहतूक करता येत नाही, बिल्ला नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आधी मारून घ्या. काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या जनावराची बाजार समितीची पावती पण जपून ठेवा.

मोटारसायकल विकताना नुसतं आरसी बुक अन् चावी देऊन मोकळं होऊ नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरायचे, विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, फायनान्स असेल तर बँकेची एनओसी अन् आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. गाडी नावावरून उतरली नाही अन् तिनं कुठं ॲक्सिडेंट केला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो, गाडी विकून दोन वर्षं झाली असली तरी. जुना मोबाईल घेताना स्टार हॅश ०६ हॅश दाबा, १५ आकडी आयएमईआय नंबर येतो, तो "संचार साथी" या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, चोरीचा असेल तर कळतं. हे आमच्याकडे करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हे घरातल्या पोरांना, आजीला सगळ्यांना सांगा. ऑनलाइन जाहिरात टाकली की लगेच एक फोन येतो, हिंदीत बोलतो, फौजी आहे म्हणतो, वस्तू न बघताच घेतो म्हणतो आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमचे जातात. गेलेच तर क्षणभर पण न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन लावा अन् मग आमच्याकडे या, तक्रार भरून देऊ.

फ्लेक्सचं थोडक्यात, आधी नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, मग प्रिंट. परवानगी काढायचा अर्ज आम्ही लिहून देतो. निधन, दशक्रियेचा बोर्ड असेल तर वेळ बघू नका, रात्री शटर वाजवा, मागेच घर आहे. त्याला अर्जंटचे जादा पैसे नाहीत.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी, सरकारी ऑफिसात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप ड्युटी माफ आहे. साध्या कागदावर चालतं. कुणी ५०० चा स्टँप आणायला सांगितलं तर आधी आम्हाला विचारा.

नोटिशीला येताना चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, वकिलांनी लिहिलेला मजकूर, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. वकील नसेल तर आम्ही मजकूर टाईप करू पण सल्ला देणार नाही, तो वकिलांचाच घ्या. मागची तारीख टाकून पावती मागू नका. दुपारी १ च्या आत प्रूफ वाचून झालं तर बहुतेक पेपरला दुसऱ्या दिवशी लागतं, पेपरचं पक्कं बिल तुमच्या नावानं मिळेल.

छापून आलं की कात्रण कापू नका, पूर्ण अंक ठेवा, कारण तारीख अन् पेपरचं नाव वर असतं. आम्ही प्रत्येक नोटिशीचे दोन अंक बाजूला काढून ठेवतो, एक वकिलांना अन् एक तुम्हाला. बऱ्याच जणांचे अंक महिना-महिना न्यायचे राहिलेत, काउंटरच्या मागे नावाची चिठ्ठी लावून ठेवलेत, या बाजाराला आलात की आठवणीनं घेऊन जा.