वाटणी (शेतकरी कुटुंबातील)

एकत्र शेतकरी कुटुंबाची जमीन, घर, गुरे, अवजारे व देणे यांची वारसांत केलेली विभागणी. येथे मुख्यतः देशावरील, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या रूढीचा विचार केला आहे.

थोरल्याला जास्त वाटा मिळे काय, हा जुना वाद आहे. मनुस्मृतीत थोरल्यास विसावा, मधल्यास चाळिसावा व धाकट्यास ऐंशीवा भाग ‘उद्धार’ म्हणून आधी काढून उरलेले समान वाटावे, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध ते बाराव्याचा प्रारंभ) विषम वाटणीला शास्त्राधार आहे हे मान्य करतो, पण ती ‘लोकविद्विष्ट’ (लोकांना न रुचणारी) म्हणून टाकून देतो. वतनदार घराण्यांतील वडीलपण (थोरल्या शाखेचा अग्रमान) हा याच उद्धाराचा अवशेष, असे काहींचे मत आहे. परंतु वडीलपणाचे तंटे बहुधा मानपानाचे, म्हणजे होळीची पोळी, पोळ्याला पुढे निघणारा बैल, पहिला विडा यांचे असत. जमिनीच्या तक्षिमा (हिस्से) समान पडत. त्यामुळे ही दोन वेगळी प्रकरणे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

चूल आधी वेगळी होई. जमीन पुढे काही वर्षे सामाईक राही. वाटणी रब्बी निघाल्यावर, मृगापूर्वी करीत. पंचांसमोर काळी, मुरमाड, बागायत असे प्रतीवार तुकडे पाडून प्रत्येक प्रतीत सर्वांना हिस्सा देत व चिठ्ठ्या टाकीत. उताराच्या रानात उभे पट्टे पाडले तर वरचा मुरूम व खालची काळी प्रत्येकाला मिळे, पण नांगर उताराने चालून माती वाहून जाई. आडव्या पट्ट्यांत माती थांबे, मात्र वरच्याच्या पदरी मुरूमच येई आणि त्याच्या रानातले पाणी खालच्याचा बांध फोडी.

विहीर वाटत नसत, पाण्याच्या पाळ्या वाटत. (मनूनेही पाणी अविभाज्य मानले आहे.) धाव (मोट ओढताना बैल चालतात ती उतरती वाट) व थारोळे (मोटेचे पाणी पडते ते कुंड) सामाईक, मोट, नाडा (मोटेचा दोर), बैल ज्याचे त्याचे. उन्हाळ्यात पाझर मंदावला की आदल्या दिवशी उपसलेल्या विहिरीवर दुसऱ्याची पाळी कोरडी जाई. पाट कोणाच्या रानातून जाणार हे वाटणीपत्रात लिहायचे राहिले, तर तंटा ठरलेलाच.

समान वाटणीची किंमत जमिनीने मोजली. ३३० × ५९४ फुटांचे रान म्हणजे १८० गुंठे. तिघांत उभे वाटल्यास ११० फुटांचे पट्टे पडतात, आणि तीन फुटी दोन बांधांतच सव्वातीन गुंठे जातात. प्रत्येकाच्या पोटी पुन्हा तीन मुलगे असले, तर पट्टा ३७ फुटांहूनही अरुंद होतो. तेथे आडवी कुळवणी करायची तर बैल वळवण्यातच वेळ जातो. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांच्या पाहणीनुसार पुण्याजवळील पिंपळे सौदागर येथे सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला.

मुलींना जमिनीत वाटा नसे. अविवाहित बहिणीच्या लग्नाचा खर्च व विधवेचे अन्नवस्त्र वेगळे काढीत. महाराष्ट्रात मुलींना जन्मतः सहदायिकीचा (वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे वाट्याचा) हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. मात्र तिच्या अंमलापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या.