आधी ती कोण, ते ठरवा

कुंभारीण नावाची गांधीलमाशी खिडकीच्या चौकटीत मातीची इवलीशी कुपी बांधते, तिच्यात हिरव्या अळ्या कोंबते, तोंड लिंपते आणि निघून जाते. काही आठवड्यांनी त्या कुपीला भोक पाडून बाहेर येते ती दुसरीच कुंभारीण. अळी आत गेली, भृंगी बाहेर आली! ध्यासाने अळीचीच भृंगी होते असं सांगणारा भ्रमरकीटक न्याय याच दृश्यावर बेतलेला आहे. ध्यासाचं सामर्थ्य सांगायला संतांनी तो पुन्हापुन्हा वापरला.

कुपी वेळेवर उघडून पाहिली, तर आत दुसरीच हकिगत सापडते. अळ्या मेलेल्या नसतात, डंखातल्या विषाने लुळ्या पडलेल्या असतात. त्यामुळे त्या सडत नाहीत. वर छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगलेलं असतं. त्यातून निघालेलं पिल्लू ही ताजी शिदोरी संपवतं, कोषात जातं आणि पंख घेऊन बाहेर पडतं. मातीच्या लांबट नळ्या एकीला एक जोडून घर बांधणारी आणखी एक कुंभारीण असते, ती अळ्यांऐवजी कोळी भरते. मुंबईत दोन्ही घरं दिसतात, अगदी वरच्या मजल्यांवरच्या ग्रिललासुद्धा.

मधमाश्या, गांधीलमाश्या आणि त्यांची भावंडं यांचा अभ्यास करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञाचं आयुष्य अशा कुप्या उघडण्यात जातं. हा हायमेनॉप्टेरा गण, मुंग्याही यातल्याच. आजवर नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यांतल्या मधमाश्याच २०,००० हून अधिक. मध साठवणाऱ्या त्यांत मूठभर. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, जमिनीत, बांबूत, भिंतीच्या भेगेत. इतक्या गर्दीत समोरची माशी नेमकी कोणती, हे ठरवता येणं हा या पेशाचा कणा आहे असं मला वाटतं. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

ओळख पटवायची तर पंखांवरच्या शिरा पाहायच्या, त्यांनी आखलेले कप्पे मोजायचे, शृंगिकांचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशांचे, खंड मोजायचे. डंख करणाऱ्या गटांत मादीच्या शृंगिकेला बहुधा १२ खंड असतात, नराच्या १३. नराला नांगीच नसते, कारण नांगी म्हणजे मुळात रूप बदललेली अंडनलिका. मुंबईत या कामाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. वनाधिकारी रॉटन यांनी त्यात मुंग्यांवर लिहिलं. आधी सैन्यात आणि मग ब्रह्मदेशात वनखात्यात काम केलेल्या चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा जाडजूड खंड लिहिला. तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो.

नाव ठरलं की खरी मौज सुरू होते. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही लहानशी गांधीलमाशी वनस्पतींचे तंतू चावून कागदी घरटं करते. द्वीपकल्पीय भारतात ती सर्रास दिसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकर यांनी तिच्यावर कित्येक दशकं वाहून घेतली. पद्धत ऐकायला साधी: प्रत्येक माशीवर रंगाचे वेगळे ठिपके द्यायचे आणि कोण काय करतं ते तासन्‌तास टिपायचं. या माशीची राणी दांडगाई करत नाही, अगदी शांत असते. तिला काढून घेतलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी अचानक कमालीची आक्रमक होते. काही दिवसांत ती अंडी घालू लागते आणि पुन्हा शांत होते. तिला कुणी आव्हान देत नाही. पुढची राणी कोण, हे जणू घरट्याला आधीच ठाऊक असतं. निरीक्षण करणाऱ्या माणसाला मात्र आधी ओळखता येत नाही. हे ठाऊक असणं खरं आहे का, हे तपासायला घरटं मधोमध कापून, मध्ये जाळी लावून प्रयोग केले गेले. ठिपक्यांनी एकेका माशीची ओळख जपली नसती, तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

दुसरी गोष्ट भीमाशंकरची. तिथल्या रानात वारस नावाचा वृक्ष आहे, त्याची पांढरी फुलं रात्री उमलतात. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस या संशोधकांनी दाखवलं, की त्यांचं परागीकरण भुंगे करतात, आपण दुपारी घोंघावताना पाहतो त्याच झायलोकोपा प्रजातीतले. त्यांचे डोळे दिवसाच्या उजेडासाठी घडलेल्या धाटणीचे. तरी त्यांतली झायलोकोपा ट्रँकेबॅरिका ही जात अमावास्येच्या रात्रीसुद्धा उडते. स्वीडनमधल्या दृष्टिशास्त्राच्या अभ्यासकांसह २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या भुंग्यांनी घरट्याजवळच्या खुणांचे रंग ताऱ्यांच्या उजेडात शिकून घेतले. त्या उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत. मुंबईपासून काही तासांच्या प्रवासावर हे घडतं, आणि आपण तिथे शेकरू पाहून परततो!

शेताशीही या ओळखीचा थेट संबंध आहे. २००८ च्या सुमारास पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण पडला आणि तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत बागा बसल्या. पिठ्या ढेकूण दिसायला सगळे सारखेच, पांढऱ्या मेणाने माखलेले. हा नेमका कोणता हे ठरल्यावरच त्याचा नैसर्गिक शत्रू शोधता आला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या. त्यांतल्या अ‍ॅसेरोफॅगस पपायी या जातीने ढेकणाच्या अंगातच अंडी घालून त्याला आवर घातला. उसावरच्या खोडकिडीसाठी शेतकरी ट्रायकोकार्ड नावाची पुठ्ठ्याची पट्टी लावतात, तिच्यावरही अशीच एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी असते, ट्रायकोग्रामा.

शहरात बोलावणं येतं ते आग्या माश्यांसाठी. टॉवरच्या सज्जाखाली काळा गोळा लटकला की सोसायटीत घबराट होते आणि कुणीतरी फवारणी करणाऱ्याला फोन लावतं. जाणकार आधी पाहतो, की आत पोळं आहे की नुसत्या माश्या. या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात आणि वाटेत विसावतात. नुसता थवा असेल तर तो बहुधा काही दिवसांत आपणहून निघून जातो. पोळं असेल तर दुरून काम, दगड नाही, धूर नाही, जवळ गच्चीवर वर्दळ नाही. एका डंखाबरोबर सुटणारा इशाऱ्याचा गंध बाकीच्यांना चवताळवतो. फवारून मारलेलं प्रत्येक मोहोळ मला फार लागतं, कारण त्यातल्या कितीतरी मोहोळांना हात लावायची गरजच नसते.

या वाटेने जायचं तर मुंबईत प्राणिशास्त्राची पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पुढे पीएचडी हा एक रस्ता. दुसरा कृषीचा, दापोली किंवा राहुरीच्या विद्यापीठातून कृषी कीटकशास्त्रात. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था, विद्यापीठं, पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. जागा थोड्या असतात, हे घरच्यांना आधीच सांगावं.

सुरुवात उंबरापासून करता येते. राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नये, पण रस्त्याकडेचं झाड चालेल. पिकायला आलेली चार उंबरं बाटलीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. एकदोन दिवसांत केंबरं, म्हणजे उंबरातल्या इवल्या गांधीलमाश्या, बाहेर येतील. दहापट भिंगाखाली पाहिलं की त्यांत दोन तऱ्हा दिसतात. काहींची अंडनलिका शरीराहूनही लांब असते. त्या बाहेरूनच उंबराला भोसकून अंडी घालतात, झाडाला परागीकरणाचा काही लाभ देत नाहीत. आखूड अंडनलिकेची, काळपट असते ती सेराटोसोलेन. ती अरुंद तोंडातून आत शिरते, शिरताना पंख गमावते, सोबत आणलेले पराग आतल्या फुलांवर पसरते, अंडी घालते आणि तिथेच मरते. उंबराचं बी धरतं ते तिच्यामुळे. दोघींना वेगळ्या बाटल्यांत ठेवा आणि चिठ्ठीवर झाडाचं ठिकाण, तारीख आणि स्वतःचं नाव लिहा.