पाच नकारांनी काहीच सिद्ध होत नाही

पेरेंट कोचिंगचा, म्हणजे पालकांना मुलांशी वागण्याबद्दल मार्गदर्शन करण्याचा व्यवसाय सुरू केला की पहिल्याच महिन्यात एक सल्ला कानावर येतो: माइंडसेट बदला, यश आपोआप मागे येईल. आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणा, वहीत तेच शंभर वेळा लिहा, आपली कंपनं विश्वाशी जुळवा. ‘कंपनं’ हा शब्द भौतिकशास्त्रातून उचललेला आहे, पण त्याचा अर्थ मात्र तिथेच राहून गेला आहे. मनाला लावलेल्या वळणाचा धंद्यावर परिणाम होतो, यात शंका नाही. फक्त तो होतो कसा, हे या सल्ल्यात कुठेच येत नाही.

आरशातल्या वाक्यांचं आधी पाहू. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. वाक्य मनाला पटत नसलं की मन त्याविरुद्धचे पुरावे शोधायला लागतं. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच या उपायाचा त्रास होतो.

आता मुख्य यंत्रणा. १९७२ साली रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अ‍ॅलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी शिकण्याच्या प्रक्रियेचं एक साधं सूत्र मांडलं. नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा, अधिक प्रत्यक्ष घडलेलं आणि अपेक्षित यांतल्या फरकाचा एक हिस्सा. तो हिस्सा किती, याला शिकण्याचा वेग म्हणतात. पुढे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूत जवळजवळ हेच गणित चालताना दिसलं. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतत. रसाआधी येणारी खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच चेतत आणि प्रत्यक्ष रसाला शांत राहत. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळेला त्यांची चेतना नेहमीच्या पातळीखाली घसरे. म्हणजे मेंदू नोंद ठेवतो ती अंदाज किती चुकला याची. रस मिळाला की नाही, एवढ्यावर तो थांबत नाही.

हे कोचच्या टेबलावर आणू. पालकांबरोबरच्या पहिल्या मोफत भेटीला कोच मनात पन्नास टक्के आशा धरून बसते. समजा तिच्या शिकण्याचा वेग ०.३ आहे. पहिल्या नकारानंतर अपेक्षा ३५ टक्क्यांवर येते, दुसऱ्यानंतर साडेचोवीसवर, तिसऱ्यानंतर १७ वर. तीन भेटींत आत्मविश्वासाचा दोन तृतीयांश भाग गेला. वेग ०.०५ असता, तर त्याच तीन नकारांनंतर अपेक्षा ४३ च्या आसपास राहिली असती. नकार तेच आहेत. फरक एवढाच, की एका घटनेवरून किती निष्कर्ष काढायचा हे कुणी ठरवलं.

आणि किती काढावा, हे संभाव्यता सांगते. समजा, दर पाच पालकांपैकी एक खरोखर कोचिंगचा सशुल्क कार्यक्रम घेतो, म्हणजे होकाराचं खरं प्रमाण २० टक्के आहे. तरीही ओळीने पाच नकार येण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. दर तीन कोचपैकी एकीची सुरुवात, तिचं काहीही चुकलेलं नसताना, अशीच होणार. ओळीने दहा नकारांची शक्यता सुमारे ११ टक्के, विसांची जेमतेम एक टक्का. म्हणजे विसाव्या नकारानंतर फी, भाषा किंवा ग्राहकवर्ग यांत गडबड आहे असं म्हणायला आधार मिळतो. पाचव्याला नाही. आणि नेमक्या पाचव्याच्या आसपास लोक फी अर्धी करतात.

याहून मोठं नुकसान पुढे होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. म्हणीतला माणूस निदान ताक पितो तरी, त्यामुळे ते गार असल्याचं त्याला कळतं. ज्याने प्यालाच दूर सारला, त्याला ते कधीच कळणार नाही. जर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च या संशोधकांनी २००१ साली याचं गणित मांडलं आणि त्याला तापलेल्या स्टोव्हचा परिणाम असं नाव दिलं. गाभा असा: अपेक्षा खऱ्यापेक्षा जास्त असली, तर माणूस प्रयत्न करत राहतो, नवे अनुभव येतात आणि अपेक्षा आपोआप जागेवर येते. खऱ्यापेक्षा कमी असली, तर तो प्रयत्न थांबवतो, नवे अनुभव येणं बंद होतं आणि चूक तशीच गोठते. एका बाजूची चूक दुरुस्त होते, दुसऱ्या बाजूची होत नाही. त्यामुळे स्वभावाने अजिबात निराशावादी नसलेली माणसंसुद्धा शेवटी निराशेकडे झुकलेला अंदाज घेऊन बसतात. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्याय आहे. नमुना गोळा करण्याची पद्धतच एकांगी आहे.

म्हणून यशाची मानसिकता याचा मला पटणारा अर्थ असा, की पुढची भेट ठरवण्याचा निर्णय मागच्या भेटीच्या निकालापासून तोडणं. टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला, २०१७ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेला प्रयोग याच दिशेला बोट दाखवतो. एका गटाला हिशेब, विपणन असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला पुढाकार घेणं, अडथळा आल्यावर पर्याय शोधणं, लक्ष्य ठरवून अभिप्राय मिळवणं हे शिकवलं. पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्या गटाचा नफा प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटातली वाढ ११ टक्के होती, आणि ती योगायोगापासून वेगळी काढता येण्याइतकी ठळक नव्हती.

प्रत्यक्षात हे वहीवर करायचं असतं. वीस भेटींचा एक गठ्ठा धरायचा आणि तो पुरा होईपर्यंत फी किंवा कार्यक्रमाची रचना बदलायची नाही. प्रत्येक भेटीआधी होकाराचा अंदाज टक्क्यांत लिहायचा. आधीच, कारण नंतर स्मरणशक्ती तो निकालाला जुळवून घेते. भेट संपल्यावर निकाल, आणि पालकांनी दिलेलं कारण त्यांच्याच शब्दांत.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा: विचारलं का? पहिल्या भेटीत हमखास होणारी चूक म्हणजे कोच पाऊण तास झोपेच्या वेळा, स्क्रीन, हट्ट यांवर भरभरून सल्ले देते आणि फी सांगायची राहूनच जाते. पालक आभार मानून जातात. ही भेट नकारांत धरायची नाही, कारण प्रश्न विचारलाच गेला नव्हता. अर्ध्या तासाच्या भेटीत पहिली पंधरा मिनिटं ऐकायचं, पाच मिनिटांत ऐकलेलं परत सांगून ते बरोबर आहे का विचारायचं, पाच मिनिटं कार्यक्रमाची रचना, मग एका वाक्यात फी. त्यानंतर गप्प बसायचं. इथे घाईने सवलत तोंडातून निघते. त्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना उपयोगी पडते: ‘जर पालक म्हणाले विचार करून सांगतो, तर मी लगेच कोणत्या दिवशी फोन करू ते विचारेन.’ अशा योजनांवरच्या ९४ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ साली आला. त्यात नुसत्या निश्चयापेक्षा त्यांचा परिणाम बराच जास्त दिसला.

कार्यक्रम सुरू झाल्यावर आणखी एक खड्डा येतो. रडून-आपटून हवं ते मिळवणाऱ्या मुलाला ते मिळणं बंद झालं, की आधी रडणं अनेकदा वाढतं. वर्तनशास्त्रात याला विलोपन-उद्रेक म्हणतात. मुलाच्या मेंदूतही तेच: खूण दिसली, रस आला नाही, म्हणून आधी जोर वाढवून पाहिला जातो. दुसऱ्या आठवड्यात आई सांगते, ‘हे तर आधीपेक्षा वाईट झालं.’ कोच हे शास्त्र रोज शिकवते, तरी हे वाक्य आपल्या अपयशाच्या खात्यात टाकते, मग घाबरून पद्धत बदलते. नेमकं त्या टप्प्यावर मुलाला हवं ते दिलं गेलं, तर जास्त जोरात रडल्यावर मिळतं, एवढंच ते शिकतं. म्हणून पहिल्याच सेशनमध्ये पालकांना लेखी द्यायचं: काही दिवस रडणं वाढू शकतं, तेव्हा काय करायचं, आणि मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर लगेच फोन करायचा.

यशाबद्दलही मेंदू चुकीचं शिकतो, याकडे फारसं कुणी पाहत नाही. पालक मदत मागतात ती सर्वांत वाईट आठवड्यात. वाईटाच्या टोकानंतर गोष्टी काहीही न करता थोड्या सुधारतात, याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ते श्रेय कोच स्वतःकडे घेते आणि पुढच्या कुटुंबाकडे फुगलेली अपेक्षा घेऊन जाते. त्यामुळे पहिला पूर्ण आठवडा पालकांनी काहीही न बदलता फक्त मोजायचं: दिवसातून किती वेळा आकांडतांडव झालं, प्रत्येक वेळी किती मिनिटं. तसंच मोजमाप चौथ्या आणि आठव्या आठवड्यात. एका कुटुंबाच्या आकड्यांवरून फारसं बोलता येत नाही. दहा कुटुंबांचे आकडे शेजारी ठेवले की कुठली पद्धत खरंच काम करते याचा अंदाज येऊ लागतो.

वहीत शेवटचा रकाना पाठवणीचा, म्हणजे कुटुंबाला तज्ज्ञाकडे पाठवल्याचा. मूल आधी बोलत असलेले शब्द विसरत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा आईवडिलांपैकी कुणी खोल नैराश्यात असेल, तर ते काम बालरोगतज्ज्ञाचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. अशी भेट होकारात येत नाही आणि नकारातही येत नाही. वीस पुऱ्या करताना ती वगळून मोजायची.