नाकारलेला पुश आणि हुकवरचा डिप्लॉय

कोड रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या साठ्यात) जमा झाला की सर्व्हरने आपणहून स्क्रिप्ट, म्हणजे हुक, चालवायची, ही सोय गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या आधीची. सीव्हीएस या जुन्या प्रणालीत त्यासाठी लॉगइन्फो फाइल होती, सबव्हर्जनमध्ये पोस्ट-कमिट हुक. कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) मेल सगळ्यांना पाठवणे हा त्याचा ठरलेला उपयोग. काही जण तिथूनच साइटचे फोल्डरही अपडेट करून घ्यायचे. बाकीच्यांचे एफटीपीने हाताने फाइली चढवणे चालू होतेच. गिट २००५ मध्ये आले आणि २००७ मध्ये त्यात पोस्ट-रिसीव्ह हुक आला. पुश झालेल्या, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेल्या, प्रत्येक ब्रँचचा (कामाच्या शाखेचा) जुना हॅश, नवा हॅश (कमिटची ओळख सांगणारा आकडा) आणि नाव या हुकला मिळते. त्यामुळे 'मास्टर या मुख्य ब्रँचवर आले तरच लाइव्हला टाक (डिप्लॉय कर)' हे चार ओळींत बसू लागले.

खरा वाद मात्र हुकचा नव्हता. साइटचे फोल्डर म्हणजेच गिट रेपो, तर थेट त्यातच पुश का करू नये, असे कुणालाही वाटेल. पण तसे केले की ब्रँच पुढे सरकते आणि फोल्डरमधल्या फाइली जुन्याच राहतात. सर्व्हरवर स्टेटस पाहिले तर आपलेच नवे काम उलटे, म्हणजे पुसल्यासारखे दिसते. तिथे कुणी सवयीने 'कमिट -ए' (दिसतील ते सगळे बदल नोंदव) मारले की ते खरोखरच पुसले जाते. आधीच्या काही आवृत्त्यांत गिट यावर नुसती ताकीद द्यायचे. फेब्रुवारी २०१० च्या १.७.० पासून चालू (त्या फोल्डरात उघडलेल्या) ब्रँचवरचा पुश सरळ नाकारला जाऊ लागला.

निर्णय बरोबरच होता. पण हा नकार कोणत्या सेटिंगने बंद करायचा, तेही त्याच एरर मेसेजमध्ये लिहिलेले. साहजिकच अनेकांनी 'इग्नोअर' टाकले आणि फाइली नव्या कमिटप्रमाणे करायला हुकमध्ये 'रिसेट --हार्ड' घातले. इथे नवा घोळ: हुक चालताना रेपो कुठे आहे ते सांगणारे गिट_डीआयआर हे व्हेरिएबल आधीच भरलेले असते. त्यामुळे स्क्रिप्टने दुसऱ्या फोल्डरात जाऊन गिट चालवले की 'हा रेपोच नाही' असे उत्तर येते, आणि तीच कमांड हाताने दिली तर बिनबोभाट चालते. ते व्हेरिएबल काढणारे एक अनसेट लिहिले की प्रश्न मिटतो, पण ते सुचेपर्यंत संध्याकाळ जाते. शहाण्यांनी बेअर रेपो (ज्यात नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) वेगळा ठेवला आणि साइटचे फोल्डर वर्क-ट्री (फाइलींची जागा) म्हणून देऊन 'चेकआउट -एफ' (फाइली जबरदस्तीने बदल) वापरले. यात धोका एकच, सर्व्हरवर कुणी घाईत हाताने केलेली दुरुस्ती न विचारता उडते.

अधिकृत तोडगा फेब्रुवारी २०१५ च्या २.३ मध्ये आला: अपडेटइन्स्टेड. यात पुश स्वीकारला जातो आणि फाइलीही बदलतात, मात्र फोल्डर स्वच्छ, म्हणजे न नोंदवलेल्या बदलांशिवाय, असेल तरच. ही अट बदलायची असेल तर त्याच वर्षीच्या २.४ पासून पुश-टू-चेकआउट हुक आहे. नकार २०१० मध्ये आणि पर्याय पाच वर्षांनी! दोन्ही एकदम आले असते तर इंटरनेटवरच्या निम्म्या स्क्रिप्टा कुणाला लिहाव्याच लागल्या नसत्या.

तोवर बहुतेकांचा कोड गिटहबसारख्या होस्टिंग सेवांवर गेला होता. तिथे आपला हुक ठेवता येत नाही, म्हणून वेबहुक: पुश झाला की ती सेवा आपल्या यूआरएलवर पोस्ट रिक्वेस्ट पाठवते आणि तिथली पीएचपी फाइल गिट पुल करते, म्हणजे नवा कोड ओढून घेते. ती फाइल चालते वेब सर्व्हरच्या यूजरखाली, ज्याच्याकडे रेपोत शिरायची एसएसएच की बहुधा नसते. पुल फसतो आणि पत्ता लागत नाही. रिक्वेस्ट त्या सेवेचीच आहे हे दाखवणारी सही न तपासता ती मानली तर यूआरएल माहीत असलेला कुणीही डिप्लॉय चालवू शकतो. साइटखालचे .गिट फोल्डर (यातच सगळा इतिहास असतो) बाहेरून उघडे राहणे, हा याच काळातला हमखास गलथानपणा.

पुढे या सेवांनी स्वतःच्याच पाइपलाइन (पुशनंतर ओळीने चालणाऱ्या पायऱ्या) दिल्या, तिथे आधी टेस्ट आणि मग डिप्लॉय. याउलट पोस्ट-रिसीव्ह चालतो तेव्हा पुश स्वीकारून झालेला असतो, स्क्रिप्ट पडली तरी कमिट आत. शिवाय पाइपलाइनची फाइल रेपोतच असते. हुक मात्र क्लोनबरोबर (रेपोची प्रत घेताना) येत नाहीत. २०१६ च्या २.९ पासून हुक्सचे फोल्डर कुठेही ठेवता येते, पण ते सेटिंग प्रत्येक सर्व्हरवर वेगळे करावे लागते.