ठाण्याहून वाशीला, सगळ्याच वाटांनी

ठाणे स्थानकावरून वाशी गाठायची तर ट्रान्स-हार्बरची लोकल आहे, कळवा-विटाव्यावरून जाणारा रस्ता आहे आणि मुलुंडकडे वळून ऐरोलीचा पूल ओलांडण्याचीही सोय आहे. पण प्रवासी एका वेळी यांपैकी एकच वाट धरतो. इलेक्ट्रॉनसाठी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ साली मांडलेला हिशोब मात्र सगळ्याच वाटा जमेस धरतो, अगदी पनवेलला वळसा घालून येणारीही. त्याचे बीज भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९३३च्या एका लेखात होते.

या हिशोबात प्रत्येक वाटेला एक बाण मिळतो. सगळे बाण सारख्याच लांबीचे असतात, फरक फक्त दिशेचा. आणि ती दिशा त्या वाटेवरची ‘क्रिया’ ठरवते. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून प्रवासाच्या संपूर्ण वेळेवर बेरीज केली की क्रिया मिळते, आणि तिला प्लँकच्या स्थिरांकाने, म्हणजे पुंजभौतिकीतल्या एका अतिशय छोट्या ठरावीक संख्येने, भागल्यावर जी संख्या येते तितके फेरे बाण घेतो. सगळे बाण टोकाला टोक जोडून जो एक बाण उरतो, त्याच्या लांबीचा वर्ग इलेक्ट्रॉन तिथे पोहोचण्याची संभाव्यता सांगतो. ‘इलेक्ट्रॉन एकाच वेळी सगळीकडून जातो’ हे सर्रास केले जाणारे विधान मला सैल वाटते. बेरीज बाणांची होते, इलेक्ट्रॉनचे तुकडे पडत नाहीत.

मग ठाण्याच्या तलावपाळीवर फेकलेला चेंडू एकच कमान का घेतो? त्याची क्रिया १ ज्यूल-सेकंदाच्या आसपास धरली, तर बाणाचे फेरे १ वर ३३ शून्यांच्या घरात जातात. वाट किंचित बदलली तरी बाण भलतीकडेच वळतो आणि शेजारशेजारच्या वाटांचे बाण एकमेकांना खोडून काढतात. जिथे क्रिया जवळजवळ बदलत नाही, अशा अतिशय चिंचोळ्या पट्ट्यातलेच बाण एका दिशेने राहतात, आणि तीच न्यूटनची वाट. इतर वाटांना मनाई नव्हतीच. अणूतल्या इलेक्ट्रॉनचे फेरे मोजकेच असल्याने ही खोडाखोड तिथे अपुरी पडते.

क्षेत्र सिद्धांतात, म्हणजे कणांऐवजी सगळ्या अवकाशात पसरलेल्या क्षेत्रांचा विचार करणाऱ्या सिद्धांतात, वाटेच्या जागी संपूर्ण क्षेत्राचा इतिहास येतो आणि बेरीज गणिती काटेकोरपणाला दाद देत नाही. त्यावर उपाय म्हणून भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी १९७४ साली अवकाश-काळाची सुट्या बिंदूंची जाळी केली. काळ काल्पनिक संख्येत मांडला की फिरणारे बाण झपाट्याने घटणाऱ्या वजनांत बदलतात, आणि मग महासंगणकांना प्रोटॉनचे वस्तुमान काही टक्क्यांच्या अचूकतेने काढता येते.